सर्वांत पातळ जागा : लेपमापनाच्या अभ्यासाची प्रस्तावना

जमिनीत जाणाऱ्या पोलादी नळावरचा लेप मोजायची मुदत फार थोडी असते. नळ सांधून झाले, सांध्यांवर लेप चढला, क्रेनने ती ओळ खंदकात उतरवली आणि माती लोटली की पुढची तीस-चाळीस वर्षे त्या लेपाचे तोंड कोणाला दिसत नाही. नंतर मोजता येतात ते परिणाम : कुठे वीज मातीत गळते आहे, कुठे नळाची भिंत झिजली आहे. लेप मुळात किती जाड होता, हे विचारायचे ते काठावर उभे राहून, नळ मातीच्या पोत्यांवर टेकलेला असतानाच. हा प्रश्न नीट कसा विचारावा, उत्तर कितपत खरे मानावे आणि नवख्याने या विषयात कुठून शिरावे, एवढ्यासाठी ही प्रस्तावना आहे.

लिहिताना डोळ्यांपुढे आहेत ते भंडारा-तुमसर-साकोलीकडून आयटीआय किंवा पदविका करून नुकतीच साइटवर लागलेली मुले-मुली, पाणीपुरवठ्याचे कनिष्ठ अभियंते आणि रंगकामावरचे मुकादम. मुकादमांना यातले बरेच ठाऊक असते, फक्त ते कोणी लिहून ठेवलेले नसते.

भंडारा जिल्ह्यातल्या जवाहरनगरात बसून हा विषय मांडायलाही कारण आहे. इथला आयुध निर्माणी कारखाना १९६४ सालचा. १ ऑक्टोबर २०२१ पासून तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आहे. बारूद आणि स्फोटके हे इथले काम. २४ जानेवारी २०२५ च्या स्फोटात इथले आठ कामगार गेले. त्या दुर्घटनेची कारणमीमांसा हा या लेखनाचा विषय नाही. पण ठिणगी कुठे चालते आणि कुठे चालत नाही, हे या गावाला समजावून सांगावे लागत नाही. आणि नळाच्या लेपाची जी परीक्षा सर्वांना माहीत असते, ती नेमकी ठिणगीची आहे. लेपावरून काही हजार व्होल्टचा ब्रश फिरवायचा. जिथे सुईएवढे भोक असेल तिथे ठिणगी उडते आणि यंत्र किंचाळते. साइटवर अशा भोकाला ‘हॉलिडे’ म्हणतात. ज्वालाग्राही वाफ किंवा स्फोटक धूळ जिथे असू शकते, तिथे हे यंत्र आत नेण्याचा प्रश्नच येत नाही. साधे बॅटरीचे गेजसुद्धा तिथे प्रमाणित, ठिणगीरोधक असावे लागते. चुंबकाच्या ओढीवर चालणारे, बॅटरीच नसलेले जुने गेज अशा ठिकाणी अजूनही टिकून आहे ते यामुळे. केळ्यासारख्या आकाराच्या त्या गेजला बाजारात बनाना गेजच म्हणतात. नवीन उपकरण आले म्हणून जुने बाद, असा हिशेब या क्षेत्रात करू नये.

लेप ही भंडाऱ्याला नवी गोष्ट नाही. पितळी भांड्यांचे हे शहर आणि पितळेला कल्हई हवीच. आंबट पदार्थाने पितळ कळकू नये म्हणून आतून कथिलाचा पातळ थर द्यायचा. कल्हईवाल्याने त्या थराची जाडी कधी मोजली नाही. चकाकीवरून आणि हाताच्या सवयीवरून त्याचे भागले. आजचे चुंबकी गेज त्या भांड्याला लावले तर ते मुकेच राहील, कारण पितळ चुंबकाला दाद देत नाही. अॅल्युमिनियमवरच्या रंगासाठी जे भोवरा-प्रवाहाचे गेज वापरतात, तेही इथे अडते. कथिल आणि पितळ दोन्ही विजेचे वाहक, त्यामुळे वरचा थर कुठे संपला हे त्याला सहज उमगत नाही. तिथे क्ष-किरणांची पद्धत लागते, किंवा थर विरघळवून किती वीज खर्ची पडली ते मोजावे लागते. म्हणून या अभ्यासातला पहिला प्रश्न ‘किती जाड’ हा नसतो. कशावर काय आहे, हे आधी विचारायचे. पोलादावर अ-चुंबकी लेप असेल तर चुंबकी पद्धत. तिचे मानक आयएसओ २१७८. अ-चुंबकी धातूवर वीज न वाहणारा लेप असेल तर भोवरा-प्रवाह, आयएसओ २३६०. काँक्रीटवर लेप असेल तर ध्वनिलहरी.

आता नळ आणि माती. नागपूरहून ओडिशातल्या झारसुगुड्याकडे निघालेली गेलची वायुवाहिनी पूर्व विदर्भ ओलांडून छत्तीसगडात जाते. त्याआधी मुंबईहून नागपूरपर्यंतची तिची वाट समृद्धी महामार्गाच्या कडेने आहे. अशी एक वाहिनी किती तऱ्हेच्या जमिनींतून जाते ते पाहावे. पश्चिमेकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, आणि या दरवर्षीच्या ओढाताणीत नळावरचा मऊ लेप हळूहळू सरकतो, सुरकुततो. कोलटारचे जुने लेप आणि गुंडाळलेल्या टेप अशाच जमिनीत हरले. पूर्वेकडे आले की धानाच्या बांध्या. महिनोन्‌महिने पाणी साचलेले, मामा (माजी मालगुजारी) तलावांचा पाझर, ओल कधी हटत नाही. ओल्या मातीतून वीज सहज वाहते. साधारण हिशेब असा, की मातीचा विद्युतरोध १,००० ओहम-सेंटिमीटरच्या खाली गेला तर ती पोलादाला फार घातक आणि १०,००० च्या वर असला तर बरीच सौम्य. एकच नळ इथे एका टोकाच्या मातीत, तर पन्नास किलोमीटरवर दुसऱ्या टोकाच्या मातीत. आणि लेपाचे विनिर्देशपत्र मात्र दोन्हीकडे एकच.

गंज हा शेवटी विजेचा व्यवहार आहे. एक अँपिअर प्रवाह वर्षभर लोखंडातून मातीत जात राहिला तर सुमारे ९ किलो लोखंड विरघळते. हे नऊ किलो शंभर मीटर लांबीवर पसरून गेले तर नळाला फारसे कळतही नाही. पण लेप सगळीकडे उत्तम आणि एकाच जागी फाटलेला असला, तर ते सगळे त्या एका जागेतून जाऊ शकते, आणि भिंत आरपार होते. बेताचा लेप चांगल्या लेपापेक्षा बरा, असा उफराटा निष्कर्ष काही जण यातून काढतात. तो चूक आहे. त्यावरचे उत्तर दुहेरी संरक्षणाचे आहे. हम्फ्री डेव्हीने १८२४ मध्ये ब्रिटिश आरमाराच्या जहाजांच्या तांब्याच्या पत्र्याला जस्त आणि लोखंडाचे तुकडे जोडून तांबे वाचवून दाखवले. १९२८ मध्ये रॉबर्ट कून याने अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या वायुवाहिन्यांवर हीच कल्पना, म्हणजे मातीतून धातूकडे उलटा प्रवाह देण्याची, वापरली आणि उणे ०.८५ व्होल्टचा निकष रुजवला. आज जवळपास प्रत्येक मोठ्या पुरलेल्या वाहिनीला लेप आणि हा उलटा प्रवाह, दोन्ही असतात. लेप जितका अखंड, तितका प्रवाह थोडा पुरतो.

म्हणून लेपमापन हा सरासरीचा विषय नाही, असे माझे ठाम मत आहे. गंज सरासरी जाडीला विचारत नाही. तो सर्वांत पातळ जागा शोधतो. मोजणाऱ्यानेही तीच शोधायला शिकले पाहिजे.

यंत्राचे तत्त्व सोपे आहे. चुंबक उघड्या पोलादाला घट्ट चिकटतो. मध्ये लेप आला की तेवढे अंतर पडते आणि ओढ कमी होते. किती कमी झाली ते मोजले की जाडी कळते. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये अॅबनर ब्रेनर याने १९३७ मध्ये निकेलच्या मुलाम्यासाठी ही पद्धत बसवली. पुढे विजेशिवाय निकेल चढवण्याच्या पद्धतीमुळे त्याचे नाव अधिक झाले. १९४७ मध्ये मँचेस्टरला एल्कोमीटर कंपनी निघाली आणि प्रयोगशाळेतली गोष्ट कामगाराच्या खिशात आली. आजच्या गेजमध्ये तारेचे वेटोळे असते, त्यातल्या चुंबकी क्षेत्रात पोलाद जवळ आल्यावर होणारा बदल आकड्यात दिसतो. वरवर पाहता टेकवले, वाचले, संपले.

पण जाडी मोजायची ती कुठून? इथे हा विषय खोल होतो. लेप चढवण्यापूर्वी नळावर ग्रिटचा मारा करून जुना गंज, तेल, मिलस्केल काढतात. त्यानंतरचा पृष्ठभाग सपाट राहत नाही. ५० ते ७५ मायक्रॉन खोलीचे उंचवटे आणि खळगे त्यावर तयार होतात, आणि ते हवेच असतात, कारण लेप त्यांनाच धरतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. वर्तमानपत्राचा कागद साधारण ७० मायक्रॉनचा. तेव्हा उंचवटे आणि खळगे यांत जवळजवळ एका कागदाचा फरक. गेजला हे उंचवटे वेगळे दिसत नाहीत. त्याच्या लेखी पोलादाची पातळी उंचवट्यांच्या टोकाला नसते, तळाशीही नसते; मधेच कुठेतरी असते. गुळगुळीत पट्टीवर शून्य लावून आणलेले गेज अशा नळावर २०-२५ मायक्रॉन जास्त दाखवू शकते. ४०० मायक्रॉनच्या एपॉक्सीत हे कोणाच्या लक्षात येणार नाही. पण ५० मायक्रॉनच्या प्रायमरमध्ये निम्मा थर नुसता कागदावर राहतो, आणि उंचवट्यांची टोके उघडी पडतात. उपाय जुना आणि कंटाळवाणा आहे : लेप देण्यापूर्वी त्याच नळाच्या घासलेल्या उघड्या पृष्ठभागावर गेज टेकवून किती दाखवते ते लिहून ठेवायचे आणि नंतरच्या प्रत्येक वाचनातून तेवढे वजा करायचे. लेप चढल्यावर ही संधी जाते. घासकाम आणि पहिला हात यांच्यामध्ये पावसाळ्यात जेमतेम काही तास असतात, शिवाय पृष्ठभागाचे तापमान दवबिंदूच्या निदान ३ अंश वर हवे. त्या घाईत हे वाचन घेणारा माणूस सापडला तर त्याला जपावे.

बाकीच्या खोड्या हाताने शिकायच्या आहेत. कडेपासून इंचभर आत यावे, कारण काठाशी चुंबकी रेषा वाकतात. कमी व्यासाच्या नळावर सपाट पट्टीचे समायोजन चालत नाही. त्याच व्यासाच्या तुकड्यावर करावे. कोलटारसारख्या मऊ लेपात प्रोब रुततो आणि जाडी कमी दिसते, तेव्हा माहीत जाडीची प्लास्टिकची पट्टी मध्ये ठेवून वाचावे आणि तेवढी वजा करावी. भंडाऱ्याच्या मे महिन्यात दुपारी नळ हाताला चटका देतो. मऊ लेपाची मोजणी पहाटे घ्यावी.

आता आकड्यांचे. अमेरिकन मानक एसएसपीसी-पीए २ सांगते की साधारण दहा चौरस मीटरवर पाच जागा निवडा, प्रत्येक जागी जवळजवळची तीन वाचने घ्या, त्यांची सरासरी म्हणजे त्या जागेची जाडी. समजा किमान ३०० मायक्रॉन मागितले आहेत आणि पाच जागांवर मिळाले ३४०, ३५५, ३१०, ३३०, २३५. एकूण सरासरी ३१४. ठेकेदार खूश. पण नियम दुसरीही अट घालतो : कोणतीही जागा मागणीच्या ८० टक्क्यांखाली, म्हणजे इथे २४० च्या खाली, नसावी. २३५ ची जागा नापास. आता त्या जागेची तीन वाचने उघडून पाहा : २९०, २६५ आणि १५०. एकटे १५० पुन्हा घेतल्यावर दिसत नसेल तर नियम ते टाकून द्यायला सांगतो, आणि ते योग्यही आहे. धुळीचा कण, प्रोब तिरका, काहीही असू शकते. मात्र ते टाकण्याआधी त्याच्या आजूबाजूला हातभर फिरून पाहावे, हे नियमात नाही, पण करावे. सांध्याची वेल्ड, नळाचा पोटाकडचा भाग, वळण, कारखान्यातला लेप आणि साइटवरचा लेप जिथे एकमेकांवर येतात ती पट्टी : पातळ जागा इथेच राहतात, कारण इथे हात नीट पोचत नाही. पाच जागा नळाच्या माथ्यावर उभ्याउभ्या निवडल्या तर मानक पाळल्याचा शिक्का मिळतो, पण नळाविषयी काहीच कळत नाही.

जाड लेप म्हणजे चांगला लेप, हाही समज सोडावा. एपॉक्सी गरजेपेक्षा जाड झाली की ठिसूळ होते आणि नळ वाकवताना तडकते. द्रावण आत अडकून फोड येतात. वरची मर्यादा खालच्या मर्यादेइतकीच गंभीरपणे घ्यावी.

साइटवर ओला थर कंगव्याने मोजतात. दातांच्या पट्टीने, रंग ओला असतानाच. त्याचे गणित प्रत्येक मुकादमाला तोंडपाठ हवे. डब्यावर घन भाग ६० टक्के लिहिला असेल आणि वाळल्यावर १२० मायक्रॉन हवे असतील, तर ओला थर २०० मायक्रॉनचा लागतो. त्यात कोणी दहा टक्के थिनर ओतले तर तो २२० चा लागेल. थिनर ओतून कंगव्याची खूण मात्र २०० लाच ठेवली तर वाळल्यावर १०९ मिळतात. याच गणितावरून एक युक्ती निघते, जी मला कोणत्याही गेजइतकी विश्वासार्ह वाटते : रिकामे डबे मोजणे. ६० टक्के घन भागाचा एक लिटर रंग १२० मायक्रॉनने, एक थेंब वाया न घालवता, ५ चौरस मीटर झाकतो. वीस लिटरचा डबा १०० चौरस मीटर. ६०० मिलिमीटर बाहेरील व्यासाच्या नळाचा एक मीटर म्हणजे सुमारे १.८८ चौरस मीटर. तेव्हा एका डब्यात जास्तीत जास्त ५३ मीटर नळ. फवाऱ्यात उडालेला रंग धरला तर त्याहून बराच कमी. एका डब्यात ऐंशी मीटर झाल्याचे कोणी सांगितले, तर गेज बाहेर काढायच्या आधीच उत्तर मिळालेले असते.

ठिणगीच्या परीक्षेशी जाडीचे नाते इथे नीट लक्षात घ्यावे. ब्रशला किती व्होल्ट द्यायचे हे लेपाच्या जाडीवर ठरते. वितळवून चिकटवलेल्या एपॉक्सी पावडरीसाठी रूढ सूत्र ५२५ गुणिले जाडीचे वर्गमूळ, जाडी इंचाच्या हजाराव्या भागात. १६ भाग, म्हणजे साधारण ४०० मायक्रॉनला २,१०० व्होल्ट. जाड लेपांसाठी ५२५ च्या जागी १,२५०. म्हणून अडीच मिलिमीटरच्या थराला सुमारे १२,५०० व्होल्ट. जाडी चुकीची धरली तर ठिणगीही चुकते. व्होल्टेज कमी पडले तर भोक सुटून जाते. जास्त झाले तर चांगल्या लेपातच नवे भोक जळते. तेव्हा मोजणी आधी, ठिणगी नंतर. हा क्रम साइटवर नेहमी उलटा होतो, कारण ठिणगी बघायला मजा येते.

बाहेरचा लेप सगळे सांगत नाही, हेही सुरुवातीलाच कळलेले बरे. २७ जून २०१४ ला आंध्रातल्या नगरम गावात गेलची वायुवाहिनी फुटून वीसहून अधिक माणसे गेली. तिथल्या वायूत ओल होती आणि पोलाद पोटातून खाल्ले गेले होते. बाहेरून लावलेले गेज तिथे काय सांगणार? मुंबईच्या जुन्या तानसा जलवाहिन्यांचे बरे आहे : त्या बऱ्याच ठिकाणी भिवंडी-मुलुंडकडे जमिनीवरून जातात, बाहेरचा रंग रोज दिसतो, पोपडा आला की कळतो. मुंबई हायहून उरणला येणाऱ्या समुद्रतळाच्या वाहिन्यांवर लेपाच्या वर काँक्रीटचे आवरण असते, पण ते नळ तळाशी बसावा म्हणून वजनासाठी. त्याची जाडी मोजण्याचे तर्कशास्त्रच निराळे.

पुढे वाचायचे तर मूळ शास्त्रासाठी यू. आर. इव्हान्स यांचे धातूंच्या क्षरणावरचे १९६० चे मोठे पुस्तक अजून जुने झालेले नाही, आणि अभियंत्याच्या नजरेने मार्स फाँटाना. लेपांसाठी आयआयटी मुंबईत शिकवलेल्या ए. एस. खन्ना यांनी संपादित केलेला ग्रंथ हाताशी असावा. मानके मात्र सारांशातून वाचू नयेत. आयएसओ १९८४० आणि पीए २ शेजारी शेजारी ठेवले तर एकाच नळाला एक पास आणि दुसरे नापास कसे ठरवू शकते, ते दिसते, आणि करार करताना कोणते मानक लिहिले आहे हे का पाहावे तेही.

नव्या अभ्यासकाला करण्यासारखे पुष्कळ उरले आहे. आजच्या वायुवाहिन्यांवर तीन थरांचा लेप असतो : आत दीड-दोनशे मायक्रॉनची एपॉक्सी, त्यावर चिकट थर, वर पॉलिइथिलीन, सगळे मिळून अडीच-तीन मिलिमीटर. गेज सांगते ते एकूण. गंजाशी खरी झुंज देणारी आतली एपॉक्सी त्यात अर्धीच असली, किंवा एखाद्या पट्टीत नसलीच, तरी वरच्या पॉलिइथिलीनने बेरीज भरून काढली की आकडा पास होतो. कारखान्यात हा प्रश्न थर चढताना, किंवा नमुन्याचा तुकडा कापून आणि लेप सोलून सोडवतात. टेराहर्ट्झ लहरी रंगाचे थर वेगवेगळे मोजू शकतात, पण ती साधने अजून महाग आणि नाजूक आहेत. धानाच्या बांधीत, चिखलात गुडघाभर उभे राहून, तयार नळावर तिन्ही थर वेगवेगळे दाखवणारे स्वस्त आणि दणकट उपकरण अजून सर्रास कोणाच्या हाती आलेले नाही.